दमट सकाळी पडणारा आरसीसीबी आणि अक्षरे उडालेली लेबले: प्रयोगशाळेतील एका जोडदुखण्याचे निदान

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सकाळी मुख्य स्विच चालू केला की एका बाजूच्या टेबलांचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच, लगेच किंवा पाच-दहा मिनिटांत पडतो. पुन्हा वर केला तर कधी टिकतो, कधी टिकत नाही. दुपारी हवा कोरडी झाली की तक्रार आपोआप नाहीशी होते, त्यामुळे वायरमन येऊन मेगर (विद्युतरोधनाचा रोध मोजणारे उपकरण) लावतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. तो खबरदारी म्हणून आरसीसीबी बदलून जातो, दोन-तीन आठवडे शांततेत जातात आणि पुढच्या दमट सकाळी पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

याच प्रयोगशाळेत बहुधा आणखी एक तक्रार वेगळ्या वहीत नोंदलेली असते. आम्लांच्या कपाटातील बाटल्यांची लेबले तपकिरी पडून ठिसूळ होतात, अक्षरे उडतात आणि बाटल्यांच्या खांद्यांवर पांढरी पूड बसते. पहिली तक्रार विजेची म्हणून वायरमनकडे जाते आणि दुसरी भांडारपालाकडे. दोघांची गाठ पडण्याचे काही कारण नसते, म्हणून दोन्ही तक्रारी वर्षानुवर्षे आपापल्या जागी राहतात. मी काम करीत असलेल्या एका प्रयोगशाळेत आरसीसीबी तीन वेळा बदलून झाल्यावर कोणीतरी सॉकेटची झाकणपट्टी उघडली. आत बाटल्यांवर होती तशीच पांढरी पूड आणि पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला, तेव्हा कोठे दोन्ही वह्या एकत्र आल्या. या दुखण्याचे निदान कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे मांडले आहे.

आधी काय करू नये

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून ३० मिलिॲम्पिअरच्या जागी १०० किंवा ३०० मिलिॲम्पिअरचा बसवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. माणसाला साधारण १ मिलिॲम्पिअर प्रवाह जाणवू लागतो, १० मिलिॲम्पिअरच्या आसपास स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता येईनाशी होते आणि त्याहून मोठा प्रवाह काही काळ छातीतून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. ३० मिलिॲम्पिअर ही मर्यादा माणसाच्या शरीराकडे पाहून ठरलेली आहे. १०० किंवा ३०० मिलिॲम्पिअरची उपकरणे मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. दुसरा नेहमीचा आडमार्ग म्हणजे संशयित उपकरणाची अर्थची वायर काढून पाहणे. वायर काढल्यावर आरसीसीबी पडत नाही, हे खरे. परंतु त्याचा अर्थ दोष गेला असा नसून, गळणाऱ्या प्रवाहाची वाट बंद झाली आणि आता तो उपकरणाच्या धातूच्या अंगावर हात ठेवणाऱ्याची वाट पाहत आहे, असा आहे.

पडलेला आरसीसीबी दर वेळी न पाहता वर करण्याची सवयही सोडावी. टेबलावर ईथर, हेक्झेन किंवा ॲसिटोन उघडे असेल, तर त्या क्षणी एकाच वेळी सुरू होणारे सगळे थर्मोस्टॅट आणि रिले ठिणगी टाकू शकतात. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

आरसीसीबी नेमके काय मोजतो

एमसीबी आणि आरसीसीबी यांची गल्लत झाली की पुढचे सगळे निदान चुकते. एमसीबी वायरीचे रक्षण करतो. ठरलेल्यापेक्षा जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झाले की तो पडतो. आरसीसीबीला भाराशी देणेघेणे नसते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी त्यातील एका गाभ्याच्या कड्यातून जातात आणि फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह वाटेतच अर्थकडे गळाला, तर जो फरक उरतो त्यावर आरसीसीबी पडतो. म्हणूनच एक बोट फेजला आणि दुसरे न्यूट्रलला लागले, तर आरसीसीबी वाचवू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ते माणूस नसून एक साधा भार असतो.

मानकांनुसार ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीने १५ मिलिॲम्पिअरपर्यंत पडू नये आणि ३० मिलिॲम्पिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलेच पाहिजे. प्रत्यक्षात तो या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. आता एका बाजूच्या टेबलांवर दहा-बारा इलेक्ट्रॉनिक उपकरणे असतील, तर त्यांच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर निर्दोष अवस्थेतही थोडाथोडा प्रवाह अर्थकडे सोडतात. प्रत्येकी अर्धा ते एक मिलिॲम्पिअर धरला, तरी सात-आठ मिलिॲम्पिअर आधीच खर्ची पडलेले असतात आणि तोल जाण्यासाठी वरून आणखी दहा-बारा मिलिॲम्पिअर पुरतात. त्यामुळे ‘कोणते उपकरण बिघडले’ हा प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो. बिघडलेले असे एकही उपकरण नसते. सगळ्यांच्या किरकोळ गळतीची बेरीज मर्यादेबाहेर गेलेली असते.

कोणत्या वेळी पडतो, यावरून कारण ओळखणे

एक साधी नोंदवही ठेवावी: तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेली उपकरणे आणि जमल्यास आर्द्रतामापकाचा आकडा. दोन आठवड्यांच्या नोंदी हातात आल्या की निम्मे निदान कागदावरच होते.

ओव्हन, वॉटर बाथ किंवा हॉटप्लेट चालू केल्याबरोबर आरसीसीबी पडत असेल आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर टिकत असेल, तर हीटिंग एलिमेंटने ओल घेतली आहे. एलिमेंटच्या नळीत तार आणि धातूचे आवरण यांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ती उत्तम विद्युतरोधक असली, तरी टोकाचे सील खराब झाले की हवेतील ओल शोषते. बरेच दिवस बंद राहिलेल्या उपकरणात हे हमखास दिसते. याउलट, उपकरण तापल्यावर, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी आरसीसीबी पडत असेल, तर ओल हे कारण नसते. तापमान वाढले की रोधक पदार्थांचा रोध उतरतो, आणि जुन्या भट्टीच्या किंवा तडा गेलेल्या एलिमेंटच्या बाबतीत तो धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतो. अशा वेळी उपकरण वाळवण्यात वेळ न घालवता एलिमेंट बदलावे. हीटिंग मँटलचा प्रकार आणखी वेगळा आहे: फ्लास्क उतू जाऊन मिठाचे किंवा आम्लाचे द्रावण काचतंतूंच्या अस्तरात मुरलेले असते आणि ते वरून कोरडे दिसले तरी क्षार आत राहतोच. असा मँटल मी स्वतः वाळवून पुन्हा वापरात आणत नाही, थेट बाद करतो.

उपकरणाचा स्विच बंद असतानाही केवळ प्लग लावलेला असल्यामुळे आरसीसीबी पडतो, हे ऐकून पुष्कळजण गोंधळतात. बहुतेक सॉकेटांचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. उपकरणाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले असतील, तर शेजारच्या टेबलावरील भाराचा काही प्रवाह न्यूट्रलऐवजी त्या वाटेने अर्थला जातो आणि दोष एका उपकरणात असताना आरसीसीबी दुसरेच उपकरण चालू केल्यावर पडतो. म्हणून संशयित उपकरण शोधताना स्विच बंद करून भागत नाही. प्रत्येक प्लग उपसून बाजूला ठेवावा लागतो.

सगळे प्लग काढल्यावरही दमट सकाळी आरसीसीबी पडत असेल, किंवा प्लग एकेक करून काढताना एकही ठाम दोषी सापडत नसेल, तर संशय सॉकेट, स्विचबोर्ड आणि वायरिंगवर येतो. आपल्या मूळ दुखण्याचा पत्ता हाच आहे.

पांढरी पूड आणि तिचे विजेशी नाते

संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ३७ टक्क्यांचे असते आणि बाजारात मिळणारे संहत अमोनिया द्रावण साधारण २५ ते ३० टक्क्यांचे. दोन्ही द्रावणांतून वायू सतत बाहेर पडत असतो आणि झाकण लावलेले असले, तरी आट्यांवर सांडलेला थेंब, आतील चकती नसलेले टोपण किंवा घाईत अर्धवट फिरवलेले झाकण एवढी फट त्याला पुरते. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात, किंवा एकमेकांखालच्या फळ्यांवर असल्या की हवेत त्यांची गाठ पडून अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, तयार होतो आणि अतिशय बारीक धुराच्या रूपाने जिथे हवा जाते तिथे जाऊन बसतो. काचेवर तो दिसतो. सॉकेटच्या आत तो दिसत नाही, पण तेथेही बसतोच.

कोरडा नवसागर वीज वाहून नेत नाही. परंतु हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या जवळ गेली की तो हवेतील पाणी ओढून घेतो आणि स्वतःच त्या पाण्यात विरघळतो. फेजची पितळी पट्टी आणि अर्थची पट्टी यांच्या मधल्या प्लॅस्टिकवर मग क्षारद्रावणाचा एक पातळ थर तयार होतो. गणित करून पाहिले, तर २३० व्होल्टवर १५ मिलिॲम्पिअर गळण्यासाठी सुमारे १५ किलोओहम रोध पुरतो. दहा सॉकेटांवर हा थर असेल, तर प्रत्येकाने दीडशे किलोओहमपर्यंत उतरणे पुरेसे आहे. प्रत्येक सॉकेटमधून जेमतेम दीड मिलिॲम्पिअर गळतो, एकाही सॉकेटवर बोट ठेवता येत नाही आणि आरसीसीबी मात्र पडतो. तापमान सर्वांत कमी आणि सापेक्ष आर्द्रता सर्वांत जास्त पहाटे असते, दुपारी ती उतरते आणि थर वाळतो. दुपारी आलेल्या वायरमनला मेगरवर निर्दोष आकडा दिसतो, तो यामुळे.

म्हणून पहिली सूचना ही की रोधमापन तक्रारीच्याच वेळी, म्हणजे दमट सकाळी करून घ्यावे. मापन पात्र वायरमननेच करावे. पुरवठा तोडून, सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे प्लग काढून, ५०० व्होल्ट डीसीवर फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या तुलनेत रोध पाहावा. अशा परिपथासाठी १ मेगाओहम ही किमान अपेक्षा आहे. सकाळी आकडा काही दहा किलोओहमांवर आणि दुपारी वीस मेगाओहमांवर असेल, तर दोष पृष्ठभागावरील ओलसर क्षाराचा आहे, वायरीच्या आवरणाचा नाही. पुरवठा तोडणे शक्य नसेल, तर गळती मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींभोवती एकत्र लावून चालू अवस्थेतील गळती वाचता येते.

गळती ही या दुखण्याची सौम्य बाजू म्हटली पाहिजे, कारण ती निदान आरसीसीबीला तरी कळते. दुसरी बाजू त्याला मुळीच कळत नाही. क्लोराइड आणि ओल मिळून तांबे-पितळेची झीज करतात आणि संपर्काचा रोध वाढत जातो. चांगल्या संपर्काचा रोध ५ मिलिओहम धरला, तर १० ॲम्पिअरच्या हॉटप्लेटसाठी तेथे अर्धा वॅट उष्णता निर्माण होते, रोध ०.१ ओहम झाला की तीच उष्णता १० वॅट होते आणि तीही नखाएवढ्या जागेत. प्रवाह जेवढा जातो तेवढाच परत येत असल्यामुळे आरसीसीबी गप्प राहतो, भार मर्यादेत असल्यामुळे एमसीबीही गप्प राहतो आणि सॉकेट वितळतो. अमोनियाचा पितळेवर आणखी एक खास परिणाम होतो: ताणाखाली असलेले पितळ अमोनिया आणि ओल यांच्या सान्निध्यात तडकते. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी अशीच तडकत असत, आणि त्यामागे अमोनिया असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. सॉकेटमधील स्प्रिंगसारखी दाबून धरणारी पितळी पट्टी कायम ताणाखालीच असते.

हे सगळे लेबलावर आधीच लिहिलेले होते

संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस या वर्गीकरण-पद्धतीची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली आणि आज रसायनांच्या बाटल्यांवर दिसणारी लाल चौकटीतील नऊ धोकाचिन्हे तिचीच आहेत. त्यांपैकी संक्षारकाचे चिन्ह नीट पाहावे. त्यात दोन पात्रांतून थेंब पडताना दाखवले आहेत: एकाचे थेंब हातावर आणि दुसऱ्याचे धातूच्या पट्टीवर. आपण सगळे हाताकडे पाहतो, हातमोजे घालतो आणि पुढे जातो. धातूची पट्टी कोणाच्या गणतीत नसते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या लेबलावर त्वचेच्या गंभीर दाहाचे विधान एच ३१४ आणि श्वसनमार्गाच्या दाहाचे एच ३३५ यांच्या सोबत एच २९० हेही विधान असते, आणि त्याचा अर्थ एवढाच की हा पदार्थ धातूंचे क्षरण करू शकतो. प्रयोगशाळेतील धातू म्हणजे केवळ स्टँड आणि चिमटे नव्हेत. सॉकेट, रिले, अर्थिंगची पट्टी आणि स्विचबोर्डाचे स्क्रू हेही धातूच आहेत.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. एच २९० ची कसोटी पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवर घेतली जाते. ५५ अंश सेल्सिअसला वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त झीज झाली तर ते विधान लागू होते. तांबे आणि पितळ या कसोटीत नाहीत. त्यामुळे एखाद्या बाटलीवर एच २९० नाही, म्हणून तिच्यापासून सॉकेट सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही. तेवढ्यासाठी सुरक्षा माहितीपत्रकाचा दहावा विभाग उघडावा लागतो. सोळा विभागांच्या त्या कागदात स्थिरता, अभिक्रियाशीलता आणि कशाजवळ काय ठेवू नये ते दहाव्या विभागात असते, आणि साठवणीच्या सूचना सातव्या विभागात. बहुतेकांचे वाचन दुसऱ्या आणि चौथ्या विभागांवर, म्हणजे धोके आणि प्रथमोपचार यांवरच थांबते.

लेबलांविषयी आणखी एक गोंधळ वारंवार दिसतो. काही बाटल्यांवर आणि कपाटांवर निळा, लाल, पिवळा आणि पांढरा अशा चार रंगांचा चौकोन असतो. त्यातील ० ते ४ या अंकांत ४ म्हणजे सर्वाधिक धोका. जीएचएसच्या श्रेणींमध्ये मात्र १ ही सर्वांत धोकादायक असते. डायएथिल ईथरला ज्वलनशीलतेसाठी पहिल्या पद्धतीत ४ हा अंक मिळतो आणि दुसऱ्या पद्धतीत श्रेणी १, बाटली तीच. नवख्या विद्यार्थ्याने माहितीपत्रकातील ‘श्रेणी १’ वाचून धोका नगण्य समजावा, यात त्याचा फारसा दोष नाही. एका प्रयोगशाळेत हाताने लिहायच्या लेबलांवर एकच पद्धत वापरावी आणि केवळ अंक न लिहिता ‘अतिशय ज्वलनशील’ असे शब्द लिहावेत.

दुरुस्तीचा क्रम

सॉकेट बदलण्यापासून सुरुवात केली तर सहा महिन्यांत नवे सॉकेटही जुन्यांसारखे होतील. आधी वाफेचा उगम बंद करावा. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वेगवेगळ्या कपाटांत ठेवावे, आणि त्या कपाटांची हवा शोषून बाहेर सोडण्याची सोय असावी. नायट्रिक आम्ल या दोघांपासून आणि सेंद्रिय द्रावकांपासूनही दूर असावे. बाटलीखाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा, म्हणजे ओघळ फळीवर जाणार नाही. प्रत्येक टोपणाच्या आत चकती आहे का ते पाहावे आणि भेगाळलेली टोपणे बदलावीत. कपाट स्विचबोर्डाच्या खाली किंवा शेजारी असेल, तर दोघांपैकी एकाला हलवावेच लागेल. खर्चाचा विचार करता कपाट हलवणे नेहमीच सोपे. फ्यूम हूडमधील, म्हणजे वाफ शोषून बाहेर सोडणाऱ्या बंदिस्त कामाच्या जागेतील, उपकरणांचे सॉकेट हूडच्या बाहेर असावेत. हूडच्या आत सॉकेट असलेली जुनी रचना मी पाहिली आहे आणि तिच्या पितळी पट्ट्यांची अवस्था वर्णन करण्याजोगी नव्हती.

त्यानंतर पुरवठा तोडून, स्विचला कुलूप व सूचनापट्टी लावून आणि पुरवठा खरोखर बंद असल्याचे टेस्टरने तपासून वायरमनने झाकणपट्ट्या उघडाव्यात. पूड बसलेले किंवा हिरवे पडलेले सॉकेट घासून पुन्हा वापरू नयेत. घासलेली पट्टी चकाकते, पण धातूच्या बारीक खड्ड्यांत क्लोराइड उरलेलेच असते आणि पुढच्या ओलीत झीज तेथूनच सुरू होते. वायरीची काळी-हिरवी पडलेली टोके स्वच्छ तांबे दिसेपर्यंत मागे कापून घ्यावीत. अर्थची जोडणी विसरू नये. फेजचा संपर्क खराब झाला की उपकरण बंद पडते आणि कोणीतरी तक्रार करते, अर्थचा संपर्क तुटला तर काहीच बंद पडत नाही. सरतेशेवटी आरसीसीबीवरील टेस्टचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. हे बटण आतील यंत्रणा तपासते, इमारतीचे अर्थिंग तपासत नाही. ते स्वतंत्रपणे मोजावे लागते.

एकाच आरसीसीबीवर फार उपकरणे असतील, तर भार दोन-तीन आरसीसीबींवर विभागणे हा रास्त उपाय आहे. त्यामुळे नेहमीची गळती वाटली जाते आणि एक पडला तरी फ्रीज, इन्क्युबेटर आणि हूडचा पंखा एकदम बंद होत नाहीत.

लेबले पुन्हा लिहिताना

अक्षरे उडालेली बाटली हाती आली, तर वास घेऊन ओळखण्याचा मोह टाळावा. लेबलाचा उरलेला भाग, खरेदीची नोंद आणि कपाटाची यादी यांवरून खात्रीने ओळख पटली तरच नवे लेबल लावावे, अन्यथा ‘अज्ञात’ असे लिहून आणि तारीख टाकून ती विल्हेवाटीसाठी वेगळी ठेवावी. अंदाजाने लावलेले लेबल हे कोऱ्या बाटलीपेक्षा घातक असते, कारण कोऱ्या बाटलीवर कोणी विश्वास तरी ठेवत नाही.

अक्षरे टिकण्यासाठी कागद आणि शाई दोन्हींचा विचार करावा लागतो. आम्लाच्या वाफेत साधा कागद ठिसूळ होतो, इंकजेटची शाई पाण्याने ओघळते, मार्कर आणि बॉलपेन एथेनॉल व ॲसिटोनने पुसले जातात, लेझर प्रिंटरचा टोनर पाण्याला टिकतो पण ॲसिटोनला टिकत नाही, आणि पावत्यांसाठी वापरतात तो उष्णतासंवेदी कागद द्रावकाचा स्पर्श होताच काळा पडतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर रेझिन रिबनने छापलेले लेबल सर्वांत टिकाऊ. ते नसेल, तर पेन्सिल! ग्रॅफाइट कोणत्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की लेबल पुष्कळ दिवस टिकते. ओतताना लेबल तळहाताकडे ठेवण्याची जुनी शिस्तही याचसाठी आहे, ओघळ विरुद्ध बाजूने यावा म्हणून.

दुय्यम बाटलीवर, वॉशबॉटलवर, अगदी रात्रभर ठेवायच्या बीकरवरसुद्धा पदार्थाचे पूर्ण नाव, संहती, धोकाचिन्ह, संकेतशब्द, तारीख आणि तयार करणाऱ्याचे नाव असावे. संकेतशब्द दोनच आहेत: तीव्र धोक्यासाठी ‘धोका’ आणि त्याहून सौम्य धोक्यासाठी ‘सावधान’. कपाटाच्या दारावर मात्र मी एक जास्तीची पट्टी लावतो: ‘आत संक्षारक वाफ; या भिंतीवर विद्युत जोडणी करू नये.’ ती रसायनशास्त्रज्ञासाठी नसून वायरमनसाठी आहे. त्याला एच २९० चा अर्थ कळावा ही अपेक्षा गैर आहे.

द्रावक जवळ असताना

क्षाराऐवजी संशय ज्वलनशील द्रावकाचा असेल, तर निदानाची पद्धतच बदलते. डायएथिल ईथरचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे किमान तापमान) उणे ४५ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नेहमीच्या कोणत्याही तापमानाला त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. ती वाफ हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्यामुळे टेबलाच्या कडेवरून खाली उतरते आणि जमिनीलगतच्या सॉकेटपर्यंत किंवा पलीकडच्या हॉटप्लेटपर्यंत वाहत जाते. कार्बन डायसल्फाइडला तर ठिणगीचीही गरज नसते. सुमारे ९० अंशांना ते आपोआप पेट घेते, आणि एवढी उष्णता वाफेच्या नळीतही असते. द्रावक सांडल्यावर आरसीसीबी पडला, तर त्याच खोलीतील कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नये. सर्वांना बाहेर काढून पुरवठा खोलीबाहेरील फलकावरून तोडावा आणि वाफ पूर्ण जाईपर्यंत आरसीसीबीला हात लावू नये.

घरगुती फ्रीज प्रयोगशाळेत आणून त्यात ईथर ठेवणे ही चूक याच प्रकारातली आहे. त्याच्या आत दिव्याचा स्विच असतो, थर्मोस्टॅटचा संपर्क असतो आणि दार घट्ट बंद होणारे असते. वाफ कोंडते, थर्मोस्टॅट ठिणगी टाकतो आणि दार उडून जाते. ज्वलनशील द्रव्यांसाठी अंतर्भागात ठिणगीची एकही शक्यता न ठेवता बनवलेले फ्रीज मिळतात. ते नसेल, तर ईथर फ्रीजबाहेर, द्रावकांच्या कपाटात ठेवावे.

दुरुस्तीनंतरची तपासणी

सॉकेट बदलल्यावर पहिल्या दमट सकाळी पुन्हा रोध मोजावा आणि आकडा नोंदवहीत लिहावा. उगम खरोखर बंद झाला आहे का, हे पाहण्यासाठी मी एक बिनखर्चाची युक्ती वापरतो. सूक्ष्मदर्शकाच्या चार स्वच्छ काचपट्ट्या घ्याव्यात. एक आम्लाच्या कपाटात, एक अमोनियाच्या कपाटात, एक स्विचबोर्डाच्या वरच्या कडेवर आणि एक तुलनेसाठी बंद डबीत ठेवावी, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख व जागा लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि आठवड्याने चारही काळ्या कागदावर ठेवून तिरप्या उजेडात पाहाव्यात. स्विचबोर्डावरची काचपट्टी धुरकट झाली असेल, तर कपाटांमधील एखादे टोपण अजून गळत आहे किंवा शोषणाऱ्या पंख्याची हवा उलट दिशेने खोलीत येत आहे. अशा वेळी वायरमनला न बोलावता आधी टोपणे आणि पंखा तपासावा.